मोर नाही? मग पैठणी कसली!

मागच्या वर्षी ताईच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही दादरला गेलो होतो. आम्ही म्हणजे ताई, आई, मावशी आणि पिशव्या धरायला मी. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण त्या दिवशी जे झालं ते कुठल्याही दुकानात झालं असतं. गादीवर सात-आठ पैठण्या पसरून झाल्यावर आईने पर्समधून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात हातभर लांबीची एक पट्टी होती. तिने ती सेल्समनच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "असं काही असेल तर दाखवा."

त्याने पट्टी बघितली न बघितल्यासारखी केली. "मावशी, ही पैठणी नव्हे. बनारसी असेल कुठलीतरी जुनी. पैठणी असती तर मोर नसता का?"

सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. आईने पट्टी घडी घालून परत पर्समध्ये टाकली. ताईने मोरांची घेतली. येताना स्लो लोकलमध्ये मुलुंडपर्यंत आई काही बोलली नाही. फक्त कुर्ल्याला गर्दी उतरल्यावर म्हणाली, "आई तर हिला पैठणीच म्हणायच्या."

आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आजी. पट्टी आजीच्या सासूबाईंच्या पैठणीची, म्हणजे माझ्या पणजीच्या. अख्खी पैठणी १९८४-८५ च्या सुमारास मुलुंडच्या चाळीत आलेल्या जरवाल्याने नेली. बोहारणी जुने कपडे घेऊन भांडी द्यायच्या, हे लोक जुनी जर घ्यायचे. तागडीत पैठणी टाकायची, वजन करायचं, पैसे मोजायचे. पुढे कुठल्यातरी भट्टीत रेशीम जळून राख व्हायची आणि चांदी खाली उरायची. जुनी जर म्हणजे चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन ती रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली, त्यामुळे भाव यायचा. आजीने पदराची एक पट्टी कापून देवांच्या खाली घालायला ठेवली, बाकीची दिली. त्या पैशात बाबांच्या डिप्लोमाची फी भरली गेली. म्हणजे मी आज अंधेरीच्या ऑफिसात एसीत बसून कोड लिहितो त्यात त्या पैठणीचाही हात आहे. आजीला दोष द्यायचा माझा अजिबात इरादा नाही.

मला बोलायचंय ते त्या सेल्समनच्या आत्मविश्वासाबद्दल. कारण तो आत्मविश्वास त्याचा एकट्याचा नाही. तुमचा-माझा, सगळ्यांचा आहे.

घरी आल्यावर मी ती पट्टी उलटी केली. दोन्ही बाजू सारख्या! जरीच्या जमिनीवर लाल-हिरव्या कोयऱ्या, आणि मागूनही तशाच. ना लोंबणारे धागे, ना कापलेली टोकं. कारण पैठणीचा पदर विणतात तेव्हा नक्षीतल्या प्रत्येक रंगाची स्वतंत्र तिल्ली असते. ती आपल्यापुरत्या जागेत बाणा घालते, शेजारच्या रंगाच्या किंवा जरीच्या धाग्यात अडकवून घेते आणि मागे फिरते. नक्षी कापडावर चढवलेली नसते, तीच कापड असते. म्हणून उलट-सुलट एकच. साधा पदर असला तरी काही आठवडे जातात, भरलेला असला तर कित्येक महिने. बनारसी किनखापाची आणि जकार्डवर काढलेल्या सेमी पैठणीची गोष्ट वेगळी. तिथे जादा धागा नक्षीपुरता वर येतो, एरवी मागून तरंगत जातो किंवा मागून कापलेला असतो. म्हणजे टेस्ट पाच सेकंदांची होती: उलटून बघा. पण उलटून कोण बघतो? मोर दिसला की पैठणी, नाही दिसला की नाही. आपण एका विणीची व्याख्या एका चित्रावर आणून ठेवली. आणि चित्र तर काय, कुठेही छापता येतं. मास्कवर आलं, लॅपटॉपच्या बॅगवर आलं, फोनच्या कव्हरवर आलं. ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला मी जे 'पैठणी जॅकेट' घालून फोटो टाकला होता ते पॉलिस्टरवर छापलेलं होतं. कॅप्शन होतं 'महाराष्ट्राची अस्मिता'. दोनशे-एक लाइक आले असतील.

जुन्या पैठण्यांवर मोर नव्हताच, असं मी म्हणत नाही. बांगडी मोर आहे, मुनिया म्हणजे पोपट आहे, हुमा परिंदा आहे, कमळं आहेत. पण असावलीचा वेल आहे, कोयऱ्या आहेत, नुसती फुलं आहेत, आणि मोर कुठेही सक्तीचा नव्हता. थोरले माधवराव पेशवे १७६८ च्या एका पत्रात असावली दुपट्टे मागवतात. लाल, हिरवे, केशरी, डाळिंबी असे रंग सांगतात. मागणी आहे वेलीची, मागणी आहे रंगांची, आणि वस्त्र आहे दुपट्टा. आज आपल्याला पैठणी म्हटलं की साडीच दिसते, तेही परत तपासण्यासारखं आहे.

आता अस्मितेकडे येऊ. 'पैठणीला दोन हजार वर्षांची परंपरा आहे' हे वाक्य तुम्ही रीलमध्ये ऐकलं असेल, दुकानाच्या पिशवीवर वाचलं असेल. पुरावा विचारला की 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकाचं नाव येतं. पहिल्या शतकातल्या एका व्यापाऱ्याने लिहिलेलं हे तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं गाइड आहे. याचं विल्फ्रेड शॉफ यांनी १९१२ मध्ये केलेलं इंग्रजी भाषांतर फुकट वाचायला मिळतं. मी वाचलं. कलम ५१. त्यात लिहिलंय की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर आहे. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. या दोन गावांहून रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्या भरून माल भडोचला येतो. काय येतं? पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड. आणि तगरहून कापड: जाडंभरडं कापड पुष्कळ, शिवाय सगळ्या तऱ्हेची मलमल.

परत वाचा. पैठणहून दगड, तेरहून कापड. तेही रोजच्या वापराचं, जाडंभरडं. जरीचा उल्लेख नाही, रेशमाचा नाही. पैठणला तेव्हा विणकर नव्हते असं यातून सिद्ध होत नाही. सातवाहनांची राजधानी होती ती, विणकर असणारच. पण ज्या पानाच्या जोरावर आपण दोन हजार वर्षांचा दावा ठोकतो त्या पानावर तो दावाच नाही. सोर्स लिंक दिलीय, पण कुणी क्लिक केलेली नाही, अशी गत. आणि बिचाऱ्या तेरच्या नावाने कुठलीही साडी नाही.

मग जी पैठणी आपल्यापर्यंत आली ती कशाची बनलेली आहे? रेशीम पूर्वी चीनचं यायचं, आता बहुतेक कर्नाटकातून येतं. जर आता सुरतेची. वेली-फुलांची वळणं मुघल काळातली. औरंगजेबाची या कापडावर मर्जी होती, पुढे निजामाचं राज्य आलं. येवल्याला विणणारे खत्री, कोष्टी, साळी आणि मोमीन. हा सगळा गोतावळा एका पदरात आहे, आणि माझ्या मते पैठणीचं थोरपण तेच आहे. पण बॅनरवर हे लिहायची कुणाची छाती आहे का? बॅनरवर मोर, भगवी पट्टी आणि 'आपली' एवढंच.

माझं म्हणणं पटत नसेल तर हिमरूकडे बघा. पैठणपासून तासाभराच्या अंतरावर, छत्रपती संभाजीनगरात, सुती ताण्यावर रेशमी नक्षीचं हिमरू विणायचे. जिल्हा तोच, दरबार तोच, कारागिरी तोलामोलाची. आज हाताने हिमरू विणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. कुणाला अस्मिता आठवत नाही. नाव फारसी वळणाचं, विणकर मुसलमान, अंगावर घालणारे दरबारी लोक. बाद.

किंवा याच्या उलट बाजूने बघा. आपल्या आज्या-पणज्या रोज काय नेसत होत्या? जाडं सुती लुगडं, पुढे गिरणीचं पातळ. दक्षिण महाराष्ट्रात इरकल, जे विणलं जातं बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला. अंगात खणाची चोळी, खण यायचा गुळेदगुड्डहून, तेही कर्नाटकातच. सोलापुरी चादर विणणाऱ्या हातांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांचा वाटा केवढा, ते सोलापूरच्या कुणालाही विचारा. महाराष्ट्राच्या अंगावर सर्वांत जास्त दिवस जे कापड होतं ते अस्मितेच्या यादीत शेवटी, आणि जे हजारात एखादीच्या ट्रंकेत होतं ते सगळ्यांचं 'महावस्त्र'.

ऑफिसातल्या माझ्या एका मैत्रिणीला, विक्रोळीच्या, हे सगळं मी मोठ्या तावातावाने मेट्रोत सांगत होतो. घाटकोपर येईपर्यंत तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्याकडे पट्टी तरी आहे. आमच्या खानदानात पैठणी कुणी बघितलीच नव्हती. आमच्यासाठी येवला म्हणजे १९३५." त्या वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यातच बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली. गाव एकच, आठवणी दोन. तिच्यापुढे मी 'आपली पैठणी' हा शब्द वापरायचा बंद केला. 'आपली' म्हणताना कोण-कोण मोजलंय, हे विचारायला नको का?

तरी 'होम मिनिस्टर'ने एक काम केलं हे मान्य करायला हवं. २००४ पासून जवळजवळ अठरा वर्षं टीव्हीवरून पैठणी घरोघर पोचली. लालबागच्या खोलीत, बोरिवलीच्या सोसायटीत, विरारच्या चाळीत. जी वस्तू वतनदाराच्या वाड्याबाहेर पडत नव्हती ती खेळात जिंकता येऊ लागली. मला हे मनापासून आवडतं. पण त्याची पुढची आवृत्ती आमच्या मुलुंडमध्ये दरवेळी बघतो. पालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की मैदानात 'खेळ पैठणीचा' लागतो. बक्षिसाची साडी उघडून तिची मागची बाजू बघायची हिंमत कुठल्याही काकूंनी करू नये, एवढीच विनंती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मेक्सिकोच्या उत्तरेला साल्तियो नावाचं शहर आहे. तिथलं सारापे, म्हणजे खांद्यावर घ्यायचं लोकरी वस्त्र, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इतकं बारीक विणलं जायचं की ते जुने नमुने आज म्युझियमं आणि संग्राहक जिवापाड जपतात. मधोमध हिऱ्याची आकृती, भोवती हजारो इवले त्रिकोण-चौकोन. तंत्र आपल्या पैठणीचं चुलतभावंड: प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या जागेपुरता. या कामाचा वारसा दक्षिणेकडून १५९१ मध्ये नेऊन वसवलेल्या त्लाश्काला लोकांकडे जातो. मेंढ्या स्पेनच्या, पायांनी चालवायचा माग स्पेनचा. १९१० च्या क्रांतीनंतर देशाला स्वतःचं चिन्ह हवं होतं तेव्हा सारापे 'राष्ट्रीय' झालं. पण राष्ट्राने उचललं ते कुठलं? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रासायनिक रंग आल्यावर निघालेलं इंद्रधनुषी पट्ट्यांचं. तेच पर्यटकांच्या दुकानात, तेच रेस्टॉरंटच्या टेबलांवर. जुन्या सारापेचा हिरा त्यात शोधून सापडत नाही. आपला मोर, त्यांचे पट्टे.

२०१९ मध्ये कॅरोलिना हेरेरा या ब्रँडने आपल्या कलेक्शनमध्ये सारापेसारखे पट्टे आणि मेक्सिकन भरतकाम वापरलं, तेव्हा मेक्सिकोच्या सांस्कृतिक मंत्री आलेहांद्रा फ्राउस्तो यांनी ब्रँडला पत्र लिहून जाब विचारला. आपल्याकडे जून २०२५ मध्ये तेच झालं. प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि माझ्या सगळ्या ग्रुपांवर एकदम शिवकाल अवतरला. माझा राग खरा होता, तुमचाही असेल. पण त्या गदारोळात किती जणांनी सांगितलं की कोल्हापुरीचा २०१९ चा जीआय आठ जिल्ह्यांचा आहे, चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले? बेळगाव म्हटलं की आपल्या मुठी वळतात, आणि चप्पल मात्र दोन्हीकडचे चर्मकार एकाच कागदावर नोंदवून बसलेत. तो कागद आपल्या घोषणांपेक्षा शहाणा आहे.

परदेशी ब्रँडने चोरलं की आपण पेटून उठतो. भिवंडी, सुरत किंवा बंगळुरूच्या यंत्रमागाने तेच केलं की आपण त्याला 'सेमी' म्हणतो आणि घेतो. काही प्रकारचं कापड फक्त हातमागावरच काढावं असा कायदा १९८५ पासून आहे. पैठणीला जीआय आहे. अस्सल रेशमाला सिल्क मार्क आहे. पण हे तिन्ही शब्द उच्चारून मी दादरच्या किती दुकानांत प्रश्न विचारला? शून्य. ताईची साडी मीच यूपीआयने पैसे भरून घेतली, बिलावर 'पैठणी' लिहून घेतलं आणि उलटून बघितलं नाही. सेमी घेणाऱ्याला मी हसत नाही, सगळ्यांना हातमागाची परवडत नाही, आम्हालाही परवडली नाही. पण सेमी घ्यायची तर सेमी म्हणून घ्यावी. येवल्याचा कारागीर तिल्ल्या फिरवत चार महिने मागावर बसतो आणि त्याच नावाने शेजारच्या रॅकमध्ये दोन तासांचा माल लागतो, तेव्हा त्याच्या पोटावर पाय प्राडाचा नसतो.

जुन्या पैठण्यांबद्दल तर आपला कायदाही गमतीशीर आहे. १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कारागिरीची वस्तू तुम्ही-आम्ही देशाबाहेर नेऊ शकत नाही. म्हणजे माझी पणजीची पैठणी आज असती तर लंडनला पाठवणं गुन्हा ठरला असता. पण तीच तागडीत टाकून भट्टीत जाळायला कुणाला विचारावं लागत नाही. अशा किती गेल्या असतील? पूर्वी पैठणीची प्रतच जरीच्या वजनावरून ठरायची, एकवीस मासी, छत्तीस मासी. जन्माला येताना तोलली, जाताना तोलली. मधल्या सगळ्या काळात कुणी चार ओळी लिहून ठेवल्या नाहीत.

चार ओळी लिहिल्या त्या कुणी? फोर्ब्स वॉटसनने. १८६६ मध्ये या माणसाने भारतभरच्या कापडांचे ७०० तुकडे कापून अठरा खंडांत चिकटवले. प्रत्येकाखाली लांबी, रुंदी, वजन, ठिकाण. असे वीस संच केले, तेरा ब्रिटनमध्ये ठेवले, सात भारतात. हेतू सरळ होता: ब्रिटिश गिरणीवाल्यांना कळावं की इथल्या लोकांना काय आवडतं, म्हणजे तसंच काढून इथेच विकता येईल. आपल्या विणकरांच्या मुळावर उठलेला माणूस. पण त्याच्या चिठ्ठ्या शाबूत आहेत, एक संच प्रेस्टनच्या हॅरिस म्युझियममध्ये बसलाय. ज्याला आपला धंदा बुडवायचा होता त्याने माप घेतलं, आणि ज्यांना अभिमान आहे ते आपण माप घेत नाही. मला याची लाज वाटते. मी ज्या धंद्यात आहे तिथे दहा ओळींचा कोड बदलला तरी कुणी, कधी, का हे नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. आणि घरातल्या शंभर वर्षांच्या कापडाचा मेटाडेटा म्हणजे कुर्ल्याला आईने म्हटलेलं एक वाक्य.

म्हणून अस्मिता हा शब्द आता मला ऐकवत नाही. त्याने वस्तूकडे बघायची गरजच संपते. शांता शेळक्यांच्या 'पैठणी' कवितेत ती आजीची आहे. एका बाईची, तिच्या अंगाचा वास लागलेली. तिथून ती अख्ख्या राज्याची झाली, सगळ्यांची झाली, आणि कुणाच्या ट्रंकेत नेमकी कोणती होती हे विचारायचं राहून गेलं. 'गोष्ट एका पैठणीची' या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला बरं वाटलं ते नावातल्या 'एका' या शब्दामुळे.

लग्न झाल्यावर एका रविवारी आई आणि मी ती पट्टी घेऊन बसलो. धुतलेल्या मलमलीवर पसरली. मी फोनच्या मॅक्रो लेन्सने दोन्ही बाजूंचे फोटो काढले, फूटपट्टी शेजारी ठेवून. एका कोपऱ्यात जरीचा मुलामा गेलाय आणि आतली पांढरट चांदी दिसते. एका कोयरीत हिरवा संपून तिथे वेगळा, जरा पोपटी हिरवा लागलाय. विणणाऱ्याची तिल्ली मध्येच संपली असणार. आईने बाबांना फोन लावला, बाबांनी नागोठण्याच्या आत्याला लावला. आत्या म्हणाली, अंग जांभळं होतं, वांगी रंगाचं, आणि ती पणजीला लग्नात नव्हे तर पहिल्या मुलानंतर मिळाली होती. हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईने वहीच्या कागदावर तिच्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं आणि कागद पट्टीबरोबर ठेवून दिला. कुणाची: सासूबाईंच्या सासूबाईंची. अंग: वांगी. पदर: जर, लाल-हिरव्या कोयऱ्या. रुंदी: साडेसात इंच. उलट-सुलट सारखी. मोर: नाही. विणणार: याच्यापुढे तिने जागा सोडली आहे. गाव: इथेही.